रिकाम्या बाटल्या आणि गावाचे अनुदान

कपाशीवरील फवारण्या आटोपत आल्या म्हणजे बांधावर, विहिरीच्या काठाशी आणि ओढ्याच्या पात्रात कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या दिसू लागतात. बाटली रिकामी झाली म्हणजे विष संपले, असा आपला समज असतो. तो खरा नाही. तळाशी आणि झाकणाच्या आट्यांत औषध राहून जाते. माझ्या कार्यक्षेत्रातील एका घरी अशाच बाटलीतून गोडेतेल आणले जात असल्याचे मी पाहिले. “साबणाने दोनदा धुतली आहे, साहेब,” असे घरच्या बाईंनी सांगितले. दोष त्यांचा नव्हता. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतर हातमोजे व मुखपट्टी यांविषयी पुष्कळ बोलले गेले. रिकाम्या बाटलीविषयी मात्र त्या मानाने थोडे. वास्तविक १९७१ च्या कीटकनाशक नियमांत वापरलेली वेष्टने उघड्यावर टाकू नयेत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे स्पष्ट सांगितले आहे.

हे शिक्षण गावाने स्वतः द्यावयाचे तर पैसा कोठून आणावा, असा प्रश्न ग्रामसभेत हमखास निघतो. २०२० साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावास घनकचऱ्यासाठी दरडोई ६० रुपये आणि सांडपाण्यासाठी दरडोई २८० रुपये, असे कमाल प्रमाण ठरविण्यात आले. दीड हजार वस्तीच्या गावाचा हिशेब केला, तर घनकचऱ्याचे ९०,००० आणि सांडपाण्याचे ४,२०,००० रुपये होतात. यांतील ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालावयाचा होता. लोकशिक्षणासाठी निराळी तरतूद होती, परंतु पुष्कळ गावी ती भिंतीवरील घोषवाक्यांतच खर्ची पडली. रंगविलेली भिंत वाचून कोणी बाटली धुतल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. चालू वर्षाचे निकष मात्र पंचायत समितीत विचारून घ्यावेत.

धडा प्रत्यक्ष शेतावरच द्यावा. औषध पंपात ओतल्यावर बाटलीत पाव भाग पाणी घ्यावे, झाकण लावून जोराने हलवावे व ते पाणी पंपातच ओतावे. असे तीन वेळा करावे. यात विकतच्या औषधाचा उरलेला अंशही पिकाच्या कामी येतो, आणि शेतकऱ्यास पटते ते हेच! मग बुडास भोक पाडावे, म्हणजे ती बाटली पुन्हा घरात येणार नाही. ती जाळू नये. धूर विषारी असतो. तालुक्याच्या प्लास्टिक केंद्राकडे जाणाऱ्या पिशव्यांतही ती मिसळू नये. बचत गटाच्या भगिनींना या प्रात्यक्षिकास अवश्य बोलवावे, कारण बाटली घरात ठेवावी की नाही, हे बहुधा त्याच ठरवितात.

पुढील वर्षाच्या ग्रामविकास आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्या सुमारास बाटल्या बांधावर पडलेल्याच असतात. कार्यकर्त्यांनी हातमोजे घालून त्यांतील दहा-बारा पोत्यात भरून सभेत आणाव्यात आणि त्या दाखवूनच खर्चाचा विषय मांडावा.