संख्यात्मक संशोधनाचे सादरीकरण

संख्यात्मक संशोधनाचे सादरीकरण म्हणजे मोजमापांवर आधारलेल्या अभ्यासाचा प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष श्रोत्यांपुढे मांडणे होय. विद्यार्थी आपला प्रकल्प सहाध्यायांपुढे मांडतात तेव्हा संशोधनप्रश्न, परिकल्पना, नमुना निवड, विश्लेषण, निष्कर्ष आणि मर्यादा असा क्रम सामान्यतः पाळला जातो.

आलेखाचे महत्त्व

केवळ सरासरी व सहसंबंध गुणांक सांगितल्यास श्रोत्यांची दिशाभूल होऊ शकते. हे दाखवण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम यांनी १९७३ मध्ये आकडेवारीचे चार संच प्रसिद्ध केले. प्रत्येक संचात ११ बिंदू आहेत. चारही संचांत 'क्ष'ची सरासरी ९, 'य'ची सुमारे ७.५ आणि सहसंबंध गुणांक सुमारे ०.८२ आहे. आलेख काढल्यावर मात्र पहिल्या संचात साधारण सरळ कल दिसतो, तर दुसऱ्यात वक्र. तिसऱ्यात एक बिंदू वगळता बाकीचे सरळ रेषेवर येतात. चौथ्यात सारा सहसंबंध एकाच दूरच्या बिंदूमुळे निर्माण झालेला असतो.

म्हणून सादरीकरणात सारांशाच्या आकड्यांसोबत प्रत्येक नोंद बिंदूने दर्शवणारा आलेख आणि नमुन्याचा आकार देणे आवश्यक असते. त्यामुळे सहाध्यायांना निष्कर्ष केवळ ऐकून न घेता स्वतः पडताळता येतो.