उतरवून घेतलेली फाईल बिघडली? आधी लक्षण ओळखा

पीककर्ज असो की पीकविमा, सातबारा, आठ-अ, फेरफार यांचे उतारे आता बरेच शेतकरी बंधू मोबाईलवर किंवा गावातील सेवा केंद्राच्या संगणकावर ब्राउझरमधून उतरवून घेतात. अर्जाची मुदत संपत आलेली असते आणि नेमकी फाईल उघडत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा डाउनलोडचे बटण दाबणे म्हणजे पीक पिवळे पडले की कारण न पाहता युरियाचा आणखी एक हप्ता देण्यासारखे आहे.

प्रथम फाईलचे नाव पाहावे. नावाच्या शेवटी पीडीएफऐवजी ‘सीआरडाउनलोड’ (क्रोम) किंवा ‘पार्ट’ (फायरफॉक्स) असे दिसल्यास फाईल अर्धवट उतरली आहे असे समजावे. नाव बदलून ती पूर्ण होत नाही. ब्राउझरच्या डाउनलोड यादीतून काम पुढे चालू करावे; ते न जमल्यास ती काढून टाकून नव्याने उतरवावी.

नाव पीडीएफचे, पण ‘फाईल खराब आहे’ असा संदेश येत असेल, तर ती मुळात पीडीएफ नसण्याचा संभव असतो. लॉगिन करून बराच वेळ गेला की संकेतस्थळ ती बैठक बंद करते आणि उताऱ्याऐवजी लॉगिनचे पान पाठवते. तेच पान उताऱ्याच्या नावाने साठवले जाते. संगणकावर अशी फाईल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. खरी पीडीएफ असल्यास अगदी सुरुवातीस टक्क्याचे चिन्ह व त्यास लागून पीडीएफ ही अक्षरे दिसतात. त्याऐवजी एचटीएमएल असा शब्द दिसल्यास पुन्हा लॉगिन करून उतारा घ्यावा.

नावापुढे कंसात १, २ असे आकडे येणे हा बिघाड नव्हे. त्याच नावाची जुनी फाईल असल्यास ब्राउझर ती न पुसता नवीला आकडा जोडतो. मात्र नुकसान येथेच होते. कर्ज फिटून बोजा कमी झाल्याची नोंद नव्या प्रतीत असते आणि घाईत बँकेकडे जुनी प्रत जाते. म्हणून उतारा घेताच फाईलच्या नावात गट नंबर व तारीख घालावी.

डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. त्यामुळे उतारा खोटा ठरत नाही. स्वाक्षरीचे प्रमाणपत्र त्या संगणकाच्या विश्वासू यादीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. उतारा आपण स्वतः शासनाच्या संकेतस्थळावरून घेतला असेल, तरच स्वाक्षरीच्या गुणधर्मांत जाऊन ते प्रमाणपत्र यादीत घालावे. येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. अर्जासोबत जोडताना आकार कमी व्हावा म्हणून अशी फाईल दुसऱ्या ॲपमधून दाबून लहान करू नये. तसे केल्यास मजकूर जसाच्या तसा दिसतो, पण स्वाक्षरी बाद होते. मूळ फाईल वेगळी जपून ठेवावी.

बाजारभावाच्या किंवा गटवार याद्यांच्या सीएसव्ही फाईली एक्सेलमध्ये उघडल्या की मराठीच्या जागी भलतीच रोमन चिन्हे दिसतात. फाईल शाबूत असते. एक्सेलने तिची लिपी चुकीची ओळखलेली असते. शिवाय गट नंबर १२/२ ची परस्पर तारीख होऊन बसते, आणि ती तशीच साठवली तर मूळ आकडा गेलाच! अशी फाईल दोनदा टिचकी मारून उघडू नये. कोऱ्या एक्सेलमध्ये ‘डेटा’ विभागातून ती आत घ्यावी, लिपीसाठी ‘यूटीएफ-८’ निवडावे व गट नंबरच्या स्तंभाचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवावा.

योजनेच्या यादीच्या नावाने आलेली फाईल ‘एपीके’ असेल, तर तिच्या दुरुस्तीच्या भानगडीत पडूच नये. ती यादी नसून मोबाईलमध्ये बसणारा प्रोग्रॅम असतो व त्यातून बँकेचे ओटीपी चोरले जाऊ शकतात. ती न उघडता काढून टाकावी. चुकून बसवली गेली असल्यास मोबाईलचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, बँकेस कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.