जातीचा दाखला कोणाच्या संगणकात?

वरणगावच्या आयुधनिर्माणीत बंदुकीच्या गोळ्या तयार होतात. म्हणून गेटवर ओळखपत्राशिवाय कोणाला आत सोडत नाहीत आणि आतला कागद बाहेर जाऊ नये यासाठी इंग्रजांनी केलेला १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही पहारा देत उभा आहे. सरकारच्या गुपिताला शंभर वर्षांचा कायदा! परंतु त्याच वरणगावातला आमचा मुलगा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी संगणक केंद्रात जो जातीचा दाखला देऊन येतो, त्यावर पहारा कोणाचा? हा प्रश्न आम्ही आज समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

प्रवेशाच्या दिवसांत कोणत्याही केंद्रावर जाऊन पाहा. महाडीबीटीचा अर्ज भरायला पोरांची रांग लागलेली असते. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सगळे स्कॅन होते. मोबाईलवर आलेला ओटीपी मोठ्याने सांगितला जातो, पासवर्ड केंद्रवाल्याच्याच वहीत लिहिला जातो. स्कॅन केलेली फाईल त्या संगणकात तशीच पडून राहते. केंद्रचालक वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. बहुतेक जण पोटासाठी धंदा करणारे, कित्येकदा आपल्यातलेच. पण संगणक विकला, दुरुस्तीला दिला किंवा धंदा दुसऱ्याच्या हाती गेला, की शेकडो कुटुंबांचे कागद त्याच्यासोबत जातात आणि त्याची कोणाकडे नोंदही नसते.

आता कोणी म्हणेल, गरिबाच्या कागदात चोरण्यासारखे आहे तरी काय? पैसा नसेल, पण जात आहे! पडताळणीच्या प्रकरणात वंशावळीचे शपथपत्र, वडिलांचा शाळेचा दाखला, आजोबांच्या जुन्या नोंदी असा तीन पिढ्यांचा इतिहास बांधलेला असतो. १९५६ साली आमच्या वाडवडिलांनी धम्म स्वीकारून जी जात टाकून दिली, ती सवलतीसाठी कागदावर मात्र जपावी लागते. हा कागद समाजकल्याण खात्यापुरता असावा, अशी आमची साधी अपेक्षा आहे. तो भलत्याच्या हाती पडला, तर खोली भाड्याने मागायला किंवा मुलाखतीला जाणाऱ्या तरुणाच्या आधी त्याची जात तिथे जाऊन बसेल. आडनाव विचारून अंदाज बांधणाऱ्यांना मग अंदाजाचीही गरज उरणार नाही.

या कारभाराची सुरुवातही आमच्याच खान्देशात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पंतप्रधान आले, छायाचित्रे निघाली. आधारचा कायदा मात्र संसदेने केला तो २०१६ साली! अंगठा आधी आणि कायदा मागून, तोही आधी कोणाचा, तर दिल्लीला जाब विचारायची ज्याची ऐपत नाही त्याचा. हा क्रम आम्हाला योगायोगाचा वाटत नाही.

बाबासाहेबांनी १९४७ साली घटना समितीसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात माणसाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये, हा हक्क मागितला होता. तो घटनेत स्वतंत्र कलम म्हणून आला नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. कागदपत्रांच्या रक्षणाची जी गरज बाबासाहेबांनी ओळखली होती, तिथे पोहोचायला देशाला सत्तर वर्षे लागली.

त्यानंतर कायदा आला, पण कसा? न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात जात, जमात आणि धर्मश्रद्धा ही 'संवेदनशील' माहिती मानून तिला जादा संरक्षण दिले होते. २०१९ च्या विधेयकातही ते होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून मात्र संवेदनशील माहितीचा हा वर्गच गाळण्यात आला. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमची जात आणि तुमचा मोबाईल नंबर सारखेच! ज्या देशात जात कळताच वागणूक बदलते, तिथल्या कायदेकर्त्यांना हे कळत नव्हते काय? दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे, पण तो जमा होणार सरकारी तिजोरीत. माहिती ज्याची फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. उलट खोटी तक्रार केल्याचे ठरले, तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड! शिवाय केंद्रावर पडलेली नुसती झेरॉक्स या कायद्यात बसत नाही. ती स्कॅन झाली तरच बसते.

याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्येही बदल केला आणि तो नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाला. नागरिकाच्या हक्काच्या मुख्य तरतुदींना मात्र अठरा महिन्यांची मुदत! रमाई आवासची घरकुले खरोखर कोणाला मिळाली, अशी यादी कार्यकर्ता मागतो, तेव्हा 'वैयक्तिक माहिती' म्हणून ती नाकारणे आता सोपे झाले आहे. कलम ८(२) शिल्लक आहे, त्यात जनहितासाठी माहिती देता येते. अर्जातच त्या कलमाचा आधार घ्यावा आणि जनहित कोणते ते लिहावे.

पालकांनी काही गोष्टी आजपासून कराव्यात. झेरॉक्सवर 'फक्त शिष्यवृत्ती अर्जासाठी' असे लिहून तारीख आणि सही आडवी टाकावी. जिथे चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे झाकलेले आधार द्यावे. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने हाच सल्ला दिला होता. सरकारने दोनच दिवसांत तो मागे घेतला, ही गंमत वेगळीच! अंगठ्यावर बँकेतून पैसे काढण्याची सोय असल्याने बायोमेट्रिक कुलूपबंद करून ठेवावे, गरज पडेल तेव्हा उघडता येते. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. अर्ज भरून झाला की पोराने आपल्या डोळ्यांसमोर फाईल पुसायला लावावी, रिसायकल बिनमधूनसुद्धा, आणि घरी येऊन पासवर्ड बदलावा.

विहारात रविवारी वंदनेनंतर यासाठी अर्धा तास काढता येईल. एक संगणक, एक स्कॅनर आणि दोन शिकलेली पोरे असली, तर शिष्यवृत्तीचे अर्ज विहारातच भरून होतील आणि फाईल कोणाच्या संगणकात राहिली हे निदान आपल्याला ठाऊक असेल. समाजकल्याणच्या जळगाव कार्यालयाकडे मागणी एवढीच करायची आहे की, अर्ज मंजूर झाल्यावर केंद्रांनी कागद नष्ट केल्याचे लेखी द्यावे. निवेदनाचा मसुदा आम्ही तयार केला आहे, सह्या पाहिजेत.