कान्हेरी वाचता येते, क्रीट का नाही?

कान्हेरीला जाणारे बहुतेक जण तीन नंबरचे चैत्यगृह बघतात, फोटो काढतात आणि बोरिवलीच्या दिशेने उतरू लागतात. नव्वद नंबरच्या लेण्यापर्यंत जाणारे थोडेच. तिथे पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन 1009 आणि 1021 मध्ये लेणी पाहायला आलेल्या झरथुष्ट्री पाहुण्यांनी तारखेसह आपली नावे कोरून ठेवली. भिंतीवर नाव कोरायची खोड हजार वर्षांची जुनी म्हणायची!

हे लेख 1880 मध्ये वाचून प्रसिद्ध करणारा एडवर्ड वेस्ट पूर्वी जीआयपी रेल्वेत इंजिनीअर होता. पहलवी लिपी वाचणाऱ्याचा अंत पाहते. एकच खूण न, व किंवा र असू शकते. शिवाय लिहायचे अरमाईक 'मल्का' आणि वाचायचे 'शाह'. तरी ती सुटली, कारण पारशी दस्तुरांनी पहलवी ग्रंथ आणि त्यांचे पठण जपले होते.

त्याच डोंगरावरचे ब्राह्मी लेख वाचणारे मात्र कुणीच उरले नव्हते. 1836 मध्ये लासेनने ग्रीक आणि ब्राह्मी अशी दोन्ही अक्षरे असलेल्या नाण्यावर अगाथोक्लिस राजाचे नाव ओळखले. पुढच्या वर्षी जेम्स प्रिन्सेपला सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे सारखी दिसली. ती 'दानं' असावीत, हा त्याचा तर्क बरोबर निघाला. अक्षरे लागताच आतली प्राकृत समजली, कारण ती संस्कृत-पालीच्या घरातलीच. कल्याण-सोपाऱ्याचे दाते, त्यांनी खोदवलेल्या पाण्याच्या पोढ्या, भिक्खूंसाठी ठेवलेल्या कायम ठेवी, सगळे कळू लागले.

क्रीट बेटावरच्या मिनोअन लोकांच्या 'लिनिअर ए' लिपीत गाडे उलट बाजूने अडले आहे. तिच्यावरून घडलेली 'लिनिअर बी' 1952 मध्ये मायकेल व्हेंट्रिसने सोडवली. आत ग्रीक भाषा निघाली. सारख्या चिन्हांना तेच उच्चार दिले, तर 'लिनिअर ए' बरीचशी मोठ्याने वाचता येते, पण कळत नाही. हिशेबाच्या पाट्यांवर बेरजेच्या आकड्याआधी 'कु-रो' येते, म्हणून त्याचा अर्थ 'एकूण'. असे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. भाषेचे कूळच ठाऊक नसल्याने पुढचा अर्थ लावायला आधार नाही.

सिंधू लिपीचे तर उच्चारही ठाऊक नाहीत, भाषाही नाही, आणि सरासरी लेख जेमतेम पाच चिन्हांचा. कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या संशोधकांसह एका गटाने 2009 मध्ये चिन्हांच्या क्रमात भाषेसारखी शिस्त असल्याचे गणिताने दाखवले. त्यावरही वाद झाला. जानेवारी 2025 मध्ये तमिळनाडू सरकारने उलगड्यासाठी दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले. त्याने दावेदार वाढतील. हवा आहे तो अगाथोक्लिसच्या नाण्यासारखा दुहेरी लेख. सिंधू व्यापाऱ्यांची मेसोपोटेमियाशी देवघेव होती, तेव्हा तो निघालाच तर तिकडच्या एखाद्या उत्खननात निघेल, असे मला वाटते.