पाकिटावरचा टीएम आणि वर्तुळातला आर

सीवूड्समध्ये घरगुती मसाले विकणाऱ्या अनेकजणी पाकिटावर नावाशेजारी वर्तुळातला ‘आर’ हौसेने छापून घेतात. असे करू नये. हे चिन्ह फक्त नोंदणी झालेल्या नावाचे. अर्ज केला, पावती मिळाली, एवढ्याने हक्क येत नाही. नोंदणी नसताना ते लावणे 1999च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम 107 नुसार दंडनीय आहे.

‘टीएम’ मात्र कुणीही लावावे, अगदी अर्जाआधीही. ‘हे नाव आमचे’ एवढाच त्याचा दावा. शिकवणी, पार्लर अशा सेवांसाठी ‘एसएम’ही दिसते.

अर्ज ऑनलाइन होतो. महाराष्ट्रासाठीचे कार्यालय मुंबईत, अँटॉप हिलला. व्यक्तीला एका वर्गासाठी 4,500 रुपये शुल्क आहे. मसाले वर्ग 30 मध्ये, पण लोणची 29 मध्ये, म्हणून दोन्ही विकणारीने दोन्ही वर्ग घ्यावेत. कार्यालयाच्या व्यापारचिन्ह जर्नलमध्ये नाव छापल्यावर चार महिने हरकतींसाठी असतात. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण.

आणि नाव नुसते ‘सीवूड्स मसाले’ ठेवू नका. गावाचे नाव आणि मालाचे नाव यांवर एकट्याचा हक्क सहसा मिळत नाही.