उमरेड टू नैरोबी, व्हाया कँटन

गेल्या महिन्यात मैत्रिणीची बॅग भरायला उमरेडला गेले होते. ही बाई फिजिओथेरपिस्ट, दोन आठवड्यांच्या व्हॉलंटिअर हेल्थ कँपसाठी नैरोबीला निघालेली. पहिला पासपोर्ट, पहिलं विमान. पलंगावर सनस्क्रीन, पॉवर बँक आणि भिवापुरी मिरचीचं तिखट. दारात तिची आजी उभी.

"काहून वं, इथले पेशंट सरले का?"

आम्ही हसलो, पण मैत्रीण लगेच गप्प झाली. रात्री गच्चीवर म्हणाली, "भाषा येत नाही, शहर माहीत नाही. माझा खरंच काही उपयोग होईल, की नुसतेच फोटो?"

मग मी तिला आपल्या नागपूरच्या डॉ. चोळकरांची गोष्ट सांगितली. माहितीयेत? नसतीलच. कोटणीस मात्र माहीत असतात! दोघं एकाच टीममधले. जपानशी लढणाऱ्या चीनने मदत मागितली, तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. 1 सप्टेंबर 1938ला ते मुंबईहून बोटीने निघाले. सोलापूरचे कोटणीस 27 वर्षांचे, म्हणजे आपल्याच वयाचे. चोळकर पाचांत सगळ्यात वडीलधारे.

17 सप्टेंबरला ते कँटनला, आजच्या ग्वांगझूला, उतरले. स्वागताला सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग. थाट मोठा, पण या शहरावर कित्येक महिने जपानी विमानं बॉम्ब टाकत होती. विचार करा, परदेशातलं मोठं शहर बघताय आणि नजर सारखी आभाळाकडे! पाच आठवड्यांत, 21 ऑक्टोबरला, कँटन पडलं. तोवर टीम हँकाऊला पोचली होती. चारच दिवसांनी तेही गेलं. पुढे चुंगकिंग आणि फेब्रुवारी 1939मध्ये थेट येनान.

चोळकर 1939मध्ये परतले. कोटणीस थांबले. चुंगकिंगला असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी थांबले. चिनी शिकले, क्वो चिंग-लान यांच्याशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. 9 डिसेंबर 1942ला, 32व्या वर्षी, तिथेच गेले. 1946मध्ये शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला. चोळकरांवर कोण काढणार? परत आलेल्या माणसाची गोष्ट कुणाला फारशी फिल्मी वाटत नाही. मला वाटते बुवा. त्या वयात, त्या शहरात पाय ठेवणं हेच केवढं!

"म्हणजे परत आलं तरी चालतं," मैत्रीण म्हणाली. मी म्हटलं, "तिकीट रिटर्न आहे ना तुझं?"

चौथ्या दिवशी मेसेज आला. "इथे थंडी आहे गं! आफ्रिका म्हणून आईने सगळे सुती कपडे भरले." (उमरेडच्या उन्हाळ्यात वाढलेल्या मुलीला सतराशे मीटर उंचीवरच्या शहराची कल्पना कुठून असणार?) "मिनीबसला मटाटू म्हणतात, आत लग्नाच्या वरातीएवढं म्युझिक. काल दिवसभर नुसती कार्डं लिहिली, रडू आलं. आज पहिला शब्द शिकले. इनाउमा. म्हणजे दुखतंय. मग नऊ पेशंट बघितले."

आजीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आधी स्वेटर घे म्हणा तिले."