एकटेपणाची मराठी कथा : एक मागोवा

दुसऱ्या महायुद्धानंतर मराठी कथेला जे वळण लागले, त्यास ‘नवकथा’ ही संज्ञा मिळाली. कथानकाच्या उत्कंठेपेक्षा मनातील सूक्ष्म हालचालींना महत्त्व देणारी कथा, असा तिचा आशय होय. गंगाधर गाडगीळांचा ‘मानसचित्रे’ हा संग्रह 1946 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढील दशकभरात महानगरातील सामान्य मध्यमवर्गीय माणसाचे एकटेपण हा त्यांच्यासह अनेकांच्या कथेचा मुख्य विषय ठरला. आयुष्यभर कथेशीच निष्ठा राखणाऱ्या अरविंद गोखल्यांनी संसारातील स्त्रीची न बोललेली ओढ टिपली, तर श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखालील ‘सत्यकथा’ मासिकाने 1982 मध्ये बंद पडेपर्यंत अशा लेखनाला जाणता वाचक मिळवून दिला.

धारवाडला राहून लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेत हे एकटेपण नियतीच्या, म्हणजे माणसाच्या इच्छेला न जुमानणाऱ्या शक्तीच्या, पातळीवर गेले; तेथे जवळीक लाभते ती क्षणभर, आणि तिच्या जाण्यानेच तिचे मोल कळते. कमल देसाई यांनी एकट्या स्त्रीला दयेचा विषय न ठेवता विचार करणारी व्यक्ती म्हणून उभे केले. गौरी देशपांडे यांनी ‘एकेक पान गळावया’ (1980) मधील दीर्घकथांतून, म्हणजे कथेची एकाग्रता राखूनही कादंबरीच्या जवळ जाणाऱ्या रचनांतून, प्रेम आणि स्वातंत्र्य यांतील ताण मांडला; सानिया आणि मेघना पेठे यांनी तो नोकरी, स्थलांतर आणि शरीरसंबंध यांच्या संदर्भात पुढे नेला.

या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते : या कथेने जवळिकीला एकटेपणावरचा उपाय मानले नाही, तर दोन माणसे परस्परांचे एकटेपण ओळखतात त्या ओळखीलाच जवळीक मानले. 1997 मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या वारज्यासारख्या उपनगरात, जेथे जुन्या गावठाणाभोवती गृहसंकुले उभी राहिली आणि शेजार नव्याने जुळवावा लागला, तेथे ही दृष्टी आजही उपयोगी पडते. कुटुंबे लहान झाल्याची नोंद जनगणना करते. परंतु एका छताखालच्या माणसांना एकमेकांशी काय बोलता आले नाही, याची नोंद कथाच ठेवते, आणि म्हणून तिचे पुनर्वाचन ही सामाजिक गरज ठरते.